चालतंय आणि मानवतंय

"चालतंय मॅडम, सगळे एकत्र चालतात. घ्या बिनधास्त."

दुकानदार असं म्हणाला तेव्हा माझ्या हातात पाण्याच्या पाच फुगलेल्या पिशव्या होत्या. एकीत दोन गोल्डफिश, दुसरीत तीन टायगर बार्ब, तिसरीत चार निऑन टेट्रा, चौथीत एक निळा-लाल फायटर. पाचवीत दुकानदाराने स्वतःहून सुचवलेला एक सकर. "काचेवरची घाण खायला एक लागतोच," असं त्याचं म्हणणं. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५४ लिटर. मासे मी रंग बघून निवडले होते. ड्रेसवर ओढणी जुळवावी तसे.

टाकी आईसाठी होती. बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी मी तिला सांगलीहून पुण्यात माझ्याकडे घेऊन आले. माझं घर वन बीएचके. मी सकाळी नऊला बाहेर पडते, रात्री आठला येते. दिवसभर घरात काहीतरी हलतं-बोलतं असावं असं मला वाटत होतं. कुत्रा सोसायटीला नको, मांजर आईला नको. मासे कोणालाच त्रास देत नाहीत, म्हणून मासे.

पहिले चार दिवस छान गेले. मग पाणी दुधासारखं पांढुरकं झालं. दोन निऑन एका सकाळी तरंगताना दिसले, उरलेले दोन त्याच आठवड्यात गेले. गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले. आणि तीन टायगर बार्ब फायटरच्या मागे लागले. त्याची शेपटी नऊवारीच्या पदरासारखी लांब होती. पंधरा दिवसांत तिच्या चिंध्या झाल्या. आई दुपारी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायची आणि काचेवर बोट आपटून ओरडायची, "ए, सोडा रे त्याला!" बार्बना तिने 'गुंडं' असं नाव ठेवलं होतं. फायटर तिचा 'नवरदेव'.

मलाही तेव्हा प्रश्न तेवढाच वाटत होता. तीन गुंड आहेत, ते काढले की झालं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. तीस वर्षं मासे पाळतात. आईने त्यांना जिन्यात गाठलं आणि घरी बोलावलं. ते टाकीसमोर पाचेक मिनिटं नुसते उभे राहिले, मग म्हणाले, "अगं, यातले कोण कोण एकमेकांचे शेजारी आहेत? नकाशावर म्हणतोय मी."

मी रात्री शोधलं. कोणीच नाही. गोल्डफिश चीनचा, थंड पाण्यातला, हजारेक वर्षं माणसाने पाळून पाळून घडवलेला. फायटर थायलंडकडच्या उथळ, कोमट, जवळजवळ वाहत नसलेल्या पाण्यातला. टायगर बार्ब सुमात्रा-बोर्निओकडचे. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या पश्चिम भागातले, सकरही दक्षिण अमेरिकेचा. लाखो वर्षांत हे पाच जण एकमेकांना कधी भेटले नव्हते, आणि भेटायचं काही कारणही नव्हतं. ते भेटले माझ्यामुळे, एका शनिवारी संध्याकाळी, साडेसातशे रुपयांत.

तेव्हापासून मी या प्रश्नाभोवती फिरते आहे. एका घरात कोणी कोणासोबत राहायचं हे तिसऱ्याने ठरवलं, तर त्या घरात पुढे जे होईल त्याचा जबाब कोणी द्यायचा?

फायटरचंच बघू. दोन नर एकत्र ठेवले की ते मरेपर्यंत लढतात, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. 'स्वभावच तसा' असं आपण म्हणतो. पण नैसर्गिक पाण्यात दोन नर समोरासमोर आले तर पर पसरून एकमेकांना धमकावतात, थोडी झटापट होते आणि हरणारा निघून जातो. निघून जायला जागा असते. टाकीत हरलेला मासा जास्तीत जास्त दोन फूट लांब जाऊ शकतो. जिंकलेल्याला तो अजून समोरच दिसतो, म्हणजे त्याच्या लेखी लढाई संपलेलीच नसते. शिवाय थायलंडमध्ये झुंजींसाठी पिढ्यान्‌पिढ्या जास्त भांडणारे नर निवडून वाढवले गेले. त्याच थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. म्हणजे ज्याला आपण त्याचा स्वभाव म्हणतो, त्यातला काही भाग माणसाने घातलेला आहे आणि उरलेला काचेने.

बार्बचंही तेच. काका म्हणाले, "तीन आणलेस म्हणून. दहा असते तर आपापसात धावाधाव करत बसले असते, दुसऱ्याकडे बघितलंही नसतं." बार्ब झुंडीत राहणारे मासे. कोण वरचढ, कोण दुय्यम हे ते सतत एकमेकांत ठरवत असतात. सहा-आठ किंवा जास्त असले की ती ढकलाढकली झुंडीतच जिरते. तिघांत ती जिरत नाही, मग जो संथ पोहतो आणि ज्याची शेपटी लांब आहे त्याच्यावर निघते. मी त्यांना गुंड म्हणत होते, पण त्यांना त्यांची माणसं मीच दिली नव्हती. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणी संरक्षण नियमांत समूहात राहणाऱ्या जातींना सजातीयांची पुरेशी सोबत मिळाली पाहिजे असं म्हटलं आहे. हे वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं होतं. सोबतीचा कसला कायदा! आता येत नाही.

दुसरी गोष्ट मला काकांनी शिकवली नाही, आईने शिकवली.

आमच्या सोसायटीत मार्चपासून बोअरचं पाणी येतं. नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, गिझरची कॉइल दरवर्षी जाते. आई पुण्यात आल्यापासून म्हणायची, "या पाण्यात डाळ शिजत नाही गं. केस पण राठ झालेत." मी दरवेळी "कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त घे" असं म्हणायचे. निऑन का मेले याचा शोध घेताना कळलं की ॲमेझॉनचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार फार कमी, कुजलेल्या पानांमुळे जरासं आम्ल. निऑनचं शरीर त्या पाण्याला सरावलेलं. आमचं बोअरचं पाणी त्याच्या बरोबर उलट. अमोनियाने ते मेले हे खरं, पण त्या पाण्यात ते टिकण्याची शक्यता पहिल्यापासून कमीच होती. आई हे ऐकून म्हणाली, "मग? मी काय सांगत होते? डाळ शिजत नाही त्या पाण्यात तुझे मासे कसे शिजतील?" मग स्वतःच हसली. "म्हणजे, जगतील."

अमोनियाचं थोडक्यात सांगते, कारण नवशिक्यांचे बहुतेक मासे त्यानेच मरतात. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, आणि तो त्यांनाच विष असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मी सगळे मासे पहिल्याच दिवशी सोडले होते. घराला संडास बांधायच्या आधी दहा पाहुणे बोलवावेत तसं.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, आणि तो आपण सहसा पाण्याबद्दलच वापरतो : मानवणं. 'मला तिथलं पाणी मानवलं नाही.' यात कोणाचाच दोष नसतो. पाणी वाईट नसतं, माणूस नाजूक नसतो, दोघांचं जुळत नाही एवढंच. दुकानदाराचा शब्द वेगळा होता : चालतंय. तोही खोटा नव्हता. गोल्डफिश आमच्या टाकीत चालत होता. पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी तीसच्या आसपास जायचं, ५४ लिटरांत त्याच्यासारखा हातभर वाढू शकणारा मासा, तरी तो जगला. तो चिवट आहे म्हणून जगला. आणि तो चिवट आहे म्हणूनच जगभर त्याच्या वाट्याला काचेचा गोल बाऊल आला. जो जास्त सोसतो त्याला कमीत कमी दिलं तरी भागतं, हा हिशोब आपण माशांच्या बाबतीत उघडपणे करतो. इतरांच्या बाबतीत जरा झाकून.

सकरचं मला सगळ्यात वाईट वाटतं. प्रत्येक टाकीत एक 'घाण खाणारा' हवा, ही कल्पना इतकी सहज आहे की मी एकही प्रश्न विचारला नव्हता. बाकीचे मासे शोभेसाठी, हा कामासाठी. त्याला वेगळं खाणं टाकायचं असतं हेही कोणी सांगत नाही, कारण इतरांचं उरलंसुरलं हेच त्याचं अन्न, असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात तो इतर माशांची विष्ठा खात नाही. शेवाळ खातो, काकडीची-दुधीची फोड आवडीने खातो. एक फुटाहून मोठा होतो आणि बाकीच्यांपेक्षा जास्त घाण करतो. ज्या देशात दुसऱ्याची घाण कोणी काढायची हे जन्मावरून ठरत आलं, तिथे घराच्या दिवाणखान्यात पाण्याच्या पेटीतही आपण तीच जागा आखून ठेवतो आणि ती भरायला कोणीतरी आणतो, हे लक्षात आल्यावर मला बराच वेळ त्या टाकीकडे बघवेना.

गंमत म्हणजे टाकीच्या इतिहासात या कामाचं एक वेगळं उदाहरण आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा त्याचा अंदाज. पण कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्या कुजकी पानं खातात. पाणी स्वच्छ झालं. फरक मला असा दिसतो : त्याने आधी बघितलं की कुजकी पानं कोणाचं खरोखर अन्न आहे. आपण आधी काम ठरवतो आणि मग एक जीव त्यावर बसवतो.

'जुळणं' आणि 'शांत असणं' यांतही मी गल्लत करत होते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मासे अत्यंत भांडखोर. थोडे ठेवले तर त्यातला दांडगा एखाद्या दुबळ्याला हेरून त्याचा जीव घेतो. म्हणून अनुभवी लोक मुद्दाम टाकीत गर्दी करतात. जागा इतकी कमी की कोणालाच स्वतःचा प्रदेश राखता येत नाही, मार सगळ्यांत वाटला जातो, म्हणून कोणी मरत नाही. भक्कम फिल्टर असेल तर हे जमतं. बाहेरून बघणाऱ्याला पन्नास रंगीत मासे गुण्यागोविंदाने पोहताना दिसतात. विरार लोकलच्या दारातही सकाळी आठला मारामारी होत नाही, कारण हात वर करायला जागा नसते. ही शांतता खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तिने जीव वाचतात. पण ती बघून 'यांचं जमतं' असं म्हणणं म्हणजे आपल्याला हवं तेवढंच बघणं.

आता तुम्ही विचाराल, कारण माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनेही विचारलं : "रविवारी सुरमई खातेस ना गं तू?" खाते. आणि याचं उत्तर देऊन मी सुटणार नाही. माशाला वेदना होतात की नाही यावर वाद आहेत, पण २००३ मध्ये लीन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत ॲसेटिक ॲसिड टोचलं तेव्हा ते मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. हे वाचल्यावर 'त्यांना काय कळतंय' असं म्हणणं मला जमत नाही. ताटातल्या सुरमईचा प्रश्न माझ्यावर उधार आहे. पण टाकीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सुरमईचं आयुष्य समुद्राने ठरवलं, मी फक्त त्याच्या शेवटाशी आले. टाकीतल्या माशाचं पाणी मी, ऊन मी, पाऊस मी, शेजारी मी निवडलेले, आणि पळून जायची वाट मी बंद केलेली. एवढं सगळं आपल्याकडे घेतल्यावर 'मी काही केलं नाही, ते आपापसात भांडले' असं म्हणायचा हक्क राहत नाही.

मग पाळूच नयेत का? हा विचार मी केला. काहींनी सुचवलं, "नदीत सोडून दे, पुण्य लागेल." ते करायचं नाही, एवढं मात्र मला पक्कं कळलंय. असंच पुण्य करून करून आज भारतातल्या कित्येक नद्या-तलावांत सकर झालाय. त्याच्या काटेरी, चिलखती अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. माझी चूक मी नदीच्या आणि कोळ्यांच्या पदरात टाकायची आणि हात जोडायचे, हे काही खरं नाही. उलट दिशेनेही नुकसान होतंच. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या ओढ्यांत 'मिस केरळ' नावाचा सुंदर लाल पट्ट्याचा मासा आहे. २०१३ पासून त्याच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नाव 'सह्याद्रिया' आहे. टाक्यांसाठी तो इतका पकडला गेला की आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात झुंडीने धावणारा मासा. त्याला माझ्या दोन फुटांत ठेवायचं म्हणजे जुळण्या-न जुळण्याच्या आधीचाच प्रश्न आहे.

मी टाकी बंद केली नाही. क्रम उलटा केला. आधी मला कोण आवडतं हे न विचारता, आमच्याकडे काय आहे ते बघितलं : ५४ लिटर, क्षारांचं पाणी, हीटर नाही. यात कोणाचं भलं होईल? उत्तर आलं गप्पी. तोच, जो आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला साचलेल्या पाण्यात सोडतात. मी दुकानात ज्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. त्याला आमचं कडक पाणी छान मानवतं. सहा नर आणले, फक्त नर, कारण माद्या आणल्या तर तीन महिन्यांत पिल्लांचं काय करायचं हा नवा प्रश्न. गोल्डफिश काकांच्या ओळखीच्या एका घरी गच्चीवरच्या हौदात गेले. बार्ब काकांच्याच टाकीत, अकरा बार्बच्या झुंडीत. आई मुद्दाम बघायला गेली आणि येऊन म्हणाली, "गुंडं सुधारली की गं." सकर परत घ्यायला दुकानदार तयार झाला. तो पुढे कोणाला विकला गेला असेल याचा विचार मी टाळते, आणि टाळते हे मला माहीत आहे. फायटर एकटा, वीस लिटरच्या छोट्या टाकीत, छोटा हीटर लावून. शेपटी हळूहळू परत आली.

एक रात्री आई गप्पींना खाणं टाकत होती. मी काकांचं वाक्य तिला सांगत होते, की माशाला विचारता येत नाही म्हणून त्याच्याबद्दल सगळं शोधावं लागतं : पाणी कुठलं, ऊन किती, सोबत किती जणांची. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की समोर जी बसली आहे तिला विचारता येतं, आणि मी आठ महिन्यांत विचारलेलं नाही. विचारता येतं, म्हणूनच राहून गेलं असावं. कधीही विचारू, असं वाटत राहतं.

आई मासा नाही. तिला मी पिशवीतून आणलेलं नाही, ती स्वतःच्या पायांनी आली. पण 'तिकडे एकटी कशी राहशील' हे वाक्य माझं होतं, घर माझं होतं, आणि ती भांडत नव्हती म्हणून सगळं ठीक आहे हा निष्कर्षही माझाच.

"आई, तुला इथलं मानवतंय का गं?"

तिने माशांच्या डबीचं झाकण लावलं. "चालतंय की," म्हणाली.

मी गप्प राहिले. ती पण. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तिथं सकाळी दार उघडलं की चार जणी दिसायच्या. भांडायच्या पण. इथं कोण भांडत पण नाही." आणि मग, "पाणी तेवढं कृष्णेचं ते कृष्णेचंच."

आम्ही अजून काही ठरवलेलं नाही. ती गणपतीला सांगलीला जाईल, दिवाळीपर्यंत राहील, मग बघू. मला ते आवडलंय असं नाही. घरी आल्यावर दिवा लागलेला असण्याची मला सवय झाली आहे, आणि हे 'तिच्यासाठी' मधलं माझ्यासाठी किती होतं हे मी आता मोजू शकते. गप्पींना दिवसातून एकदा चिमूटभर, आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलायचं, असा कागद आईने फ्रिजवर लावून ठेवलाय. खाली लिहिलंय : 'पाणी आदल्या दिवशी भरून ठेव. घाई करू नको.'